रुपरावांचं कधीच न भरणारं मशीन

"याची मेमरी भरतच नाही, लिहून घ्या," रुपरावांनी रेकॉर्डर टेबलावर ठेवत जाहीर केलं. "दीड वर्षात त्रेचाळीस म्हातारे टाकले याच्यात. आणखी त्रेचाळीस टाका, हूं का चूं करणार नाही."

जिल्ह्यातल्या जुन्या कर्तबगार माणसांच्या हकिगती त्यांच्याच आवाजात जपायच्या, यासाठी काढलेल्या मंडळाची ही बैठक. नागपुरातलं एक वाचनालय, सात खुर्च्या, सहा माणसं, समोसे. अध्यक्ष शरच्चंद्र, रिटायर तहसीलदार, म्हणाले, "मग लावा पहिला नंबर. नानाजींचा."

नानाजी म्हणजे तालुक्यात पहिला ट्रॅक्टर आणणारे, आणि आणल्याच्या तिसऱ्या दिवशी तो विहिरीत घालणारे. दिवाळीत ते वारले होते. रुपरावांनी ऐटीत बटन दाबलं. नानाजी काही बोलले नाहीत. पहिल्या नंबरावर उमरेडच्या पार्वतीबाई बोलायला लागल्या, ज्या सत्ताविसाव्या असायला हव्या होत्या.

अध्यक्षांची नात गार्गी हिनं मशीन हातात घेऊन दोन-चार बटनं दाबून पाहिली.

"काका, हे लूपवर आहे नं."

"म्हणजे?"

"भरत आलं का सगळ्यात जुनं पुसते, अन् तिथं नवं घेते."

"म्हणजे भरत नाही नं?"

"नाही भरत."

"मग मी काय सांगून राहिलो मघापासून?"

सव्वीस माणसं गेली होती. त्यातली अकरा तर खरोखरच गेली होती. शरच्चंद्रांचा समोसा हातातच राहिला. रुपरावांनी रजिस्टर उघडलं, पट्टी लावून सव्वीस नावांसमोर 'बंद' असं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. कोराडीच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये बसून दर तासाला नोंदी घेतलेला माणूस तो. आठ महिन्यांपूर्वी धंतोलीच्या एका दवाखान्यात त्यांची बायको शामला गेली, तेव्हाही त्यांनी खिशातली डायरी काढून लिहिलं होतं: ६.१०, बंद. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी ते पुढच्या म्हाताऱ्याकडे रेकॉर्डर घेऊन हजर. "अजून रडले नाहीत वं भाऊजी," असं त्यांची मेहुणी आल्या-गेल्याला सांगायची. पहिले काही दिवस रुपरावांनीही वाट पाहिली, लाईट गेल्यावर पाहतात तशी. मग सोडून दिलं.

उरलेलं तरी धड आहे का, म्हणून गार्गीनं पार्वतीबाईंचं रेकॉर्डिंग पुढं सरकवलं. पार्वतीबाईंनी बायकांची विणकर सोसायटी काढली होती. शामलाचं माहेर त्यांच्याच गल्लीतलं, म्हणून त्या दिवशी तीही सोबत गेली होती. मध्येच रुपरावांचा आवाज आला, "एक मिनिट हं, फोन आहे." दार वाजलं. आणि मग शामलाचा आवाज, अगदी हळू:

"आमच्या यायले सांगू नका हं पार्वतीबाई. आजवर कोणालेच नाही सांगितलं मी..."

रुपरावांनी खटकन बटन दाबलं.

"इथं नको."

"कॉपी तरी करून देऊ का काका?"

"कॉपी करता करता ऐकशील तू."

"नाही ऐकत. बरं, लूप तरी बंद करते."

"हात लावू नको वं पोरी. चालू मशीनची सेटिंग दुसऱ्यानं बदलाची नाही. कोराडीचा नियम आहे."

"मग आता नवीन काही घेऊ नका बरं. चुकून जरी रेकॉर्ड झालं, तर पुसाले पहिला नंबर काकूंचाच आहे."

"एकतीस वर्षांत चुकून काही झालं नाही माझ्या हातून," रुपराव म्हणाले.

चार दिवस मशीन जेवणाच्या टेबलावर होतं. रोज जेवण झालं की ते बटनावर अंगठा ठेवायचे आणि उचलायचे. भीती म्हणाल तर नव्हती, दुःख म्हणाल तर तेही नव्हतं. अंगठा दाबत नव्हता, इतकंच. पाचव्या दिवशी त्यांनी ठरवलं, शामलानं जे पार्वतीबाईंना सांगितलं ते पार्वतीबाईंसमोरच ऐकायचं. मशीन शर्टाच्या खिशात घातलं. एसटीत उसळून पडू नये म्हणून त्यावर चष्म्याची डबी गच्च कोंबली आणि उमरेडपर्यंत वरून हात दाबून धरला.

पार्वतीबाई एक्याण्णव वर्षांच्या. "या जवाई. एकटेच?" म्हणाल्या, आणि आठवल्यावर जीभ चावली.

"त्या दिवशी शामला काय बोलली, पार्वतीबाई?"

"मी नाही सांगत. शपथ घातली तिनं."

"ती तर गेली आता."

"ती गेली. शपथ नाही गेली."

"वाईट होतं का काही?"

पार्वतीबाई हसल्या. आवाज न करता, डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. "काहून विचारून राहिले मले? मशीनले थोडीच शपथ घातली तिनं! लावा, मलेही तिचा आवाज ऐकाचा आहे."

रुपरावांनी चष्म्याची डबी काढली. मग मशीन काढलं. मशीनचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू होता.

त्यांनी ते बंद केलं. पहिल्या नंबरावर आता कोणी बाबाराव होते. पार्वतीबाई कुठंच नव्हत्या. शेवटच्या नंबरावर एक नवीन रेकॉर्डिंग होतं, ते त्यांनी लावलं. एसटीचं इंजिन घरघरत होतं. कंडक्टर म्हणाला, "मागं सरका, मागं." एक माणूस दोनदा खोकला. ते रुपरावच होते.

रेकॉर्डिंगमध्ये उमरेड येईपर्यंत दोघांनी ते ऐकलं. मग रुपरावांनी डायरी काढून नोंद केली: एक तास चौदा मिनिटं, आवाज स्वच्छ.