पायरीचं विसर्जन

लाल कापडात बांधलेले पाच गठ्ठे, वर झेंडूच्या माळा. काशीच्या पंचगंगा घाटाला लागलेल्या नावेत ते असे मांडलेले पाहिले आणि माझं डोकंच फिरलं.

"यज्ञेश! हे काय मांडलंयस?"

"विसर्जन, इंदूआत्या." ढुंढिराजअण्णांचा हा मुलगा दुर्गाघाटावर पौरोहित्य करतो. अण्णांचे दिवस परवाच झाले. "घरात जागा नाही, रद्दीत घालायला मन धजेना. सरस्वतीच ती. गंगेला दिली की सुटलो."

"कोण सुटलं? तू, की सरस्वती?"

'पायरी' हे आमचं त्रैमासिक. अण्णांनी आणि मी पंचाहत्तर साली दूधविनायकाच्या गल्लीत सुरू केलं, ते थेट गेल्या दिवाळीपर्यंत, शहाण्णवपर्यंत चाललं. इथल्या हिंदी छापखान्यात 'ळ' नव्हता, तर अण्णांनी पुण्याहून त्या अक्षराचे खिळे आणवले. छापायचो काय? गल्लीतल्या बायकांच्या ओव्या, त्यांच्या नावानिशी. त्यांचीच मुलं आता घरातसुद्धा हिंदीत भांडतात. आणि सगळे अंक एकत्र असे जगात या पाच गठ्ठ्यांतच!

मी पदर खोचला, नावेत चढले आणि गठ्ठ्यावर बसले.

"माताजी, उतर जाइए," वल्हं धरून बसलेला मल्लाह म्हणाला.

"नहीं उतरूंगी. इनके साथ मुझे भी डाल दो."

"आत्या, लोक बघतायत."

"बघू देत! अण्णा जन्मभर सांगत आले, छापलंय ते वाचा, पुजू नका. आणि तू माळा घालतोस? एक तरी अंक उघडलास कधी?"

"मराठी वाचायची आदत राहिली नाही," तो खाली बघत म्हणाला.

मी गाठ सोडली. अठ्ठ्याहत्तरच्या पुराचा अंक काढून त्याच्या हातात कोंबला. "हा आधी टाक. पण वाचून टाक. मोठ्यानं."

तो अडखळत वाचू लागला.

"गंगेला आला पूर, पाणी चढे पायरीला
हळू ये गं माझे बाई, नीज लागे यज्ञेशाला."

खाली नाव होतं, कालिंदी पुराणिक. त्याची आई. तो चालायला लागला तेवढ्यात गेली बिचारी.

"आईनं रचली?"

"तुला मांडीवर घेऊन. पाणी गल्लीत शिरलं होतं."

ओठ हलवत त्यानं ती पुन्हा वाचली. मग अंक उपरण्यात गुंडाळून छातीशी धरला. "हा एक ठेवतो, आत्या."

ओसरू लागलेला माझा राग पुन्हा उसळला. "एक? आणि बाकीच्या काय कुणाच्या आया नाहीत?"

मल्लाहानं हातातलं वल्हं खाली ठेवलं. यज्ञेशनं एकेक माळ उतरवून पाण्यात सोडली, पहिला गठ्ठा खांद्यावर घेतला आणि घाट चढू लागला.

"ठेवू कुठे?" वरून त्यानं विचारलं.

"देवघरात नको!" मी ओरडले. "बैठकीत ठेव. येणाऱ्याजाणाऱ्याचा हात पोचेल असे. आणि ते लाल कापड सोड आधी!"