कलपाचा डाग

कापसाचा बोळा... आधी पांढरा, मग करडा, मग दुसरा घेतला तो पांढराच राहिला – आणि तरी छत्रीसाहेबांच्या कानामागचा काळा डाग जागचा हलायला तयार नव्हता.

"कलप भलताच चिवट निघाला, साहेब," न्हावी म्हणाला.

"तुझ्या हातात जोर नाही. घास! दोन महिने झाले, जात नाही म्हणजे काय?"

बाकावर दाढीसाठी बसलेल्या मोजणीदाराने वर्तमानपत्र खाली केलं. नखाएवढा डाग, कड वेडीवाकडी, एकीकडे काळा, एकीकडे तपकिरी... थेट त्याच्या स्वतःच्या मानेवर होता तसा. त्याला तो तीळच समजत होता. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं, तीळ कापून तपासायला पाठवला आणि परवा सांगितलं – कातडीचा कर्करोगच होता, उन्हाने झालेला, पण वेळेत आलात, कापलेल्याची कड साफ आहे, मागे काही उरलं नाही. तीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजल्या, आणि स्वतःच्या कातड्याची हद्द मोजायला दुसरं कुणी लागलं!

आणि ते ऊन तरी कुणाच्या कृपेचं? भर दुपारच्या एका मोजणीत हेच साहेब शिपायाने धरलेल्या छत्रीखाली उभे राहून – नाव काय उगाच पडलं? – काठीने त्याची टोपी उडवत म्हणाले होते, "मोजणीदारानं हद्द बघावी, सावली नाही." तेवीस जण हसले होते. ती मोजणीही त्याने चोख केली होती.

मग घास बाबा, घास, तो मनातच न्हाव्याला म्हणाला. मी काय डॉक्टर आहे? छत्रीतूनही पोचलंच म्हणायचं ऊन... शोकसभेत आपण दोन शब्द बोलू. टोपी घालून बोलू.

"काय रे मोजणीदार," आरशातून साहेबांनी हाक मारली, "तुझी नजर पक्की. बघ जरा, कमी झालाय का?"

उत्तर जिभेवर तयार होतं – झालाय की साहेब, निम्मा झालाय. किती गोड! पण तीस वर्षांत त्याच्या तोंडून एकही खोटं माप निघालं नव्हतं. साहेबांना काठीने उडवता न आलेली तेवढी एकच गोष्ट... आणि मेल्याने आज नेमकी तीच मागितली होती.

तो उठला, तशी मानेवरच्या टाक्यांना ओढ बसली. तो साहेबांच्या कानाशी वाकला.

"बोल की! कमी झालाय ना?"

आठ मिलिमीटर... नाही, नऊ. डोळ्यांनी मोजूनही टाकलं होतं, त्याला न विचारता. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला साहेबांपेक्षा स्वतःच्या नजरेचा जास्त संताप आला.