आपेनिसाचा सर्व्हर

फिजीतल्या सुवा बंदराच्या धक्क्यावरच्या बोट कंपनीत आपेनिसाला अकरा वर्षं झाली होती. बेटाबेटांवरची सगळी तिकिटं ज्या डेटाबेसमध्ये नोंदली जात, तो सर्व्हर एकट्या त्याच्या ताब्यात होता. विंडोजवर चालणारं ते जुनं धूड कधी रुसेल आणि कशाने ताळ्यावर येईल, हे त्याला बायकोच्या रागापेक्षा जास्त कळायचं. मग ऑकलंडहून शिकून मेरेसेइनी आली आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं.

पोरगी वाईट होती का? मुळीच नाही. त्याला ‘मोमो’ म्हणून मामाचा मान द्यायची. पण साहेब हल्ली दर गोष्टीला "मेरेसेइनी काय म्हणते?" असं विचारत, आणि तेवढ्यानेच आपेनिसाच्या घशाखाली घास उतरेनासा होई.

आता नवा सर्व्हर येणार होता. त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घालायची, हे इनोके साहेबांनी दोघांनाही विचारलं होतं. ही लिनक्सच सांगणार, याची आपेनिसाला खात्री होती. तिच्या लॅपटॉपवर तेच तर होतं. म्हणजे पुन्हा हिचीच वाहवा! त्याचा नुसता जळफळाट झाला. त्याने ठरवलं, हिच्या तोंडचं आपणच आधी बोलायचं.

शुक्रवारी दुपारी सगळे चटईवर बसले. मध्ये यंगोनाचा, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या कडवट पेयाचा, लाकडी वाडगा. वाडग्यापुढे वयाने मोठ्या माणसाने आधी बोलायचं आणि धाकट्याने त्याचा शब्द खोडायचा नाही, ही रीत.

"मोमो, तुम्ही बोला," मेरेसेइनी म्हणाली.

"लिनक्स!" आपेनिसा ठासून म्हणाला. "विंडोजचे दिवस गेले आता."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग मान खाली घालून म्हणाली, "मोमो म्हणतात तसंच करू."

"काय रे," तिकीटवाला टोमासी खिदळला, "अकरा वर्षांचा संसार एका घोटात मोडलास?"

आपेनिसाने करवंटी एका दमात रिकामी केली. जिंकलो, असं त्याला वाटलं.

"बरं झालं," साहेब म्हणाले. "मला वाटलं होतं, तू हटून बसशील. लिनक्स मेरेसेइनीला येतं, तेव्हा सोमवारपासून सर्व्हर तिच्याकडे. तू तिकीट खिडकीवरचे प्रिंटर बघ."

आपेनिसाने रिकामी करवंटी खाली ठेवली. वाडग्यापुढे बोललेलं परत घेता येत नाही.

सगळे गेल्यावर मेरेसेइनी हळूच जवळ आली. "मोमो, असं का केलंत? मी विंडोजच सांगणार होते. ‘मोमोंना जे येतं तेच ठेवा, मला त्यांच्या हाताखाली शिकू द्या,’ असं साहेबांना म्हणणार होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलल्यावर?"

त्याला तिचा राग यायला हवा होता, पण आला स्वतःचाच. सोमवारी सकाळी तिने वही उघडली आणि अकरा वर्षं कुणालाही न दिलेला पासवर्ड आपेनिसाने तिला एकेक अक्षर करून सांगितला.