हिल्मरच्या खिशातली मुकी पुंगळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. बंदुकीतून गोळी सुटून गेली की मागे जे रिकामं नळकांडं उरतं ना, तीच मी. उंचीनं तुमच्या करंगळीच्या एका पेराएवढी. आतून काळी पडले आहे, आणि बुडाच्या काठावर एक खोक आहे, तिथे बंदुकीच्या घोड्याचा घाव बसला होता. आमच्या जातीचा एक गुण सगळे सांगतात : आम्ही आवाज करत नाही. या गुणाचं कौतुक मी इतकं ऐकलं आहे की आता मला त्याचा वीट आला आहे.

माझा जन्म कारखान्यातला. शेजारच्या रांगेतल्या काडतुसांच्या पोटात दारू ठासून भरत, आमच्या पोटात मात्र चिमूटभरच. त्यामुळे आमची गोळी सावकाश जाते आणि कडाडत नाही. जाड पुस्तक पटकन मिटावं, तेवढाच काय तो आवाज. आमच्या डबीवर चांदण्यात झोपलेल्या घराचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'घराजवळच्या श्वापदांसाठी. शेजाऱ्यांची झोप शाबूत.' मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला होता. दुसऱ्याची झोप मोडू नये, यात वाईट ते काय?

टेक्ससच्या डोंगराळ मुलखातल्या एका पेंडीच्या दुकानात आमची डबी आली. तिथून आम्हाला म्हातारा हिल्मर ग्रोटे घेऊन गेला. बायको वारल्यापासून हिल्मर एकटाच राहायचा. त्याच्या कुंपणापलीकडे लिओना राहायची, तीही एकटीच. तिच्याकडे लोकरीच्या शेळ्यांचा कळप होता. त्या शेळ्यांच्या लोकरीवरच तिचं घर चालायचं. आणि त्या शेळ्या जगायच्या फ्रिडाच्या जिवावर. फ्रिडा म्हणजे तिची राखणीची कुत्री. अंगानं वासराएवढी, पांढरीशुभ्र, केसाळ. लिओनानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. फ्रिडा शेळ्यांतच झोपायची आणि शेळ्यांतच उठायची. ती असेपर्यंत कायोटी कुंपणाजवळ फिरकत नसत. कायोटी म्हणजे कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून लहान, पण लबाडीत दोघांच्या वर.

या मुलखात एक जुनी रीत होती. कायोटी दिसला तरी पहिली गोळी आभाळात झाडायची. हिल्मरची जुनी बंदूक अशी कडाडायची की सगळी दरी जागी व्हायची. मग लिओना ओसरीवर येऊन घंटा वाजवायची. घंटा वाजली म्हणजे माझी कुत्री माझ्याजवळ आहे, आता खुशाल झाड. घंटा होईपर्यंत हिल्मर दुसरी गोळी झाडत नसे. तेवढ्यात कायोटी पळून जाई, हे खरं. पण दुसऱ्याचं जनावर मारल्याचं पाप कोणाच्या माथी येत नसे.

पुढे टेकडीच्या अंगाला नवी घरं झाली. त्यातल्या एका घरात किम्ब्रल नावाचं तरुण जोडपं आलं, बरोबर तान्हं बाळ. एक दिवस शेरीफचा, म्हणजे तिथल्या फौजदाराचा, माणूस हिल्मरच्या दारात आला.

"हिल्मर, तुला कोणी मना करत नाही रे. पण त्या बाई म्हणतात, बाळ दचकून उठतं."

"दचकतं ना? म्हणजे कान चांगले आहेत म्हणायचे."

"चेष्टा सोड. काहीतरी बघ की."

हिल्मर कुरकुरला खरा, पण मनानं वाईट नव्हता. तो दुकानात गेला आणि आम्हाला घेऊन आला. कुंपणावरून त्यानं आमची डबी लिओनाला दाखवली. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली.

"म्हणजे आता तू चोरासारखा गोळ्या घालणार होय? मला कळायचं कसं?"

"फोन करीन की तुला आधी."

"तू? तुझा फोन गाडीत, गाडी माळावर आणि तू तिसरीकडेच! म्हणे फोन करीन."

दोघंही हसली. त्यानंतर हिल्मरनं आमच्यातल्या काहींना झाडलं, कायोटीही मारले. पहिली गोळी आभाळात झाडणं त्यानं आपोआप सोडून दिलं. जी गोळी कोणाला ऐकूच येत नाही ती आभाळात कशाला घालायची? फोनही त्यानं एकदाही केला नाही. घंटा वाजायची थांबली. किम्ब्रलबाईनं त्याला सफरचंद भरून भाजलेला गोड 'पाय' करून पाठवला आणि सगळी टेकडी आमचं कौतुक करू लागली.

थंडी सरत आली की शेळ्या विण्याआधी त्यांची लोकर कातरतात. त्या वर्षीही दक्षिणेकडून कातरणारे आले. हिल्मर त्या दिवशी दात काढून घ्यायला शहरात गेला होता. शेळ्या आटोपल्यावर कातरणाऱ्यांचा मुकादम फ्रिडाकडे बघून म्हणाला, "बाई, हिच्या अंगात तर गोखरूंचं शेत पिकलंय. हिचीही करून टाकू? हिचे पैसे नाही घेत."

"कर बाबा. तिलाही तेवढंच सुख."

लोकर उतरली आणि आतून भलतीच कुत्री निघाली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, लांब पायांची, मळकट भुऱ्या लवेची. "अगं बाई, ही तर निम्मीच उरली!" म्हणून लिओना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. हिल्मरला ही गंमत उद्या दाखवू, असं ती कातरणाऱ्यांना म्हणाली. हे सगळं मला पुढे लिओनाच्याच तोंडून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. हिल्मर सुजलेला गाल घेऊन कॉफीचा मग हातात धरून कुंपणाशी आला. लिओनाच्या गोठ्यामागे एक सडपातळ भुरं जनावर मान खाली घालून उभं होतं. त्याच्या पायांशी नुकतं जन्मलेलं करडू पडलं होतं. जनावराचं तोंड रक्तानं माखलेलं होतं. हिल्मरनं कॉफीचा मग खांबावर ठेवला आणि खांद्याची बंदूक उतरवून नेम धरला. नळीत मी होते.

मित्रांनो, मी एवढंच सांगते की माझ्या काठावर घाव बसला आणि माझ्यातून जे जायचं ते गेलं. आवाज असा झालाच नाही. झाडावरचं पाखरूसुद्धा उडालं नाही. त्या जनावरानं मान वर करून हिल्मरकडे पाहिलं आणि शेपटी हलवली. मग ते खाली बसलं आणि मग आडवं झालं.

कायोटी माणसाला बघून शेपटी हलवत नाही. हिल्मरला हे ठाऊक होतं. तरी त्यानं आधी वाकून मला उचललं, कारण शेळ्या सापडेल ते तोंडात घालतात म्हणून पुंगळ्या उचलायची त्याच्या हाताला सवय होती. मग तो कुंपण ओलांडून गेला. करडू जिवंत होतं. चाटून चाटून स्वच्छ केलेलं, आईच्या आचळाशी धडपडत होतं. फ्रिडानं नेहमीप्रमाणे शेळीची वार खाऊन जागा साफ केली होती, म्हणजे वासानं कायोटी येऊ नयेत. तिच्या तोंडाला लागलेलं रक्त ते होतं. तिच्या गळ्यात लाल पट्टा होता.

"आधी पुरतो. मग सांगतो," हिल्मर पुटपुटला. त्यानं तिला उचलून सीडरच्या झाडीमागच्या घळीत नेलं आणि वर दगड रचले. तो परत येतो तोच लिओना गोठ्यापाशी उभी.

"हिल्मर, आमची फ्रिडा दिसली का रे?"

"नाही."

तेवढा एकच शब्द. खिशात त्याची मूठ माझ्याभोवती इतकी आवळली की मला वाटलं, मी चेपणार.

पुढचं सांगायला मला जड जातं. लिओना फ्रिडाला शोधायला निघाली आणि हिल्मर तिच्याबरोबर निघाला. माळ, ओढे, झाडी, सगळीकडे दोघं हाका मारत फिरली. त्या घळीकडे मात्र तो तिला जाऊ देत नसे, "तिकडे मी बघून आलो" म्हणे. रोज सकाळी तो सांगायचं ठरवून निघायचा, आणि ती दारात वाट बघत उभी दिसली की तो तिच्या आधीच फ्रिडाला हाका मारू लागायचा. शेजारधर्माला जागणारा म्हणून लिओना त्याचा दंड धरून चालायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली.

कायोटींना मात्र राखण गेल्याचं लगेच समजलं. ते करडं उचलू लागले, मग गाभण शेळ्यांना धरू लागले. कातरलेल्या शेळ्या आधीच थंडीनं काकडत होत्या. भेदरून उघड्यावर पळाल्या त्या पावसात गारठून मेल्या. लिओना नवऱ्याचा जुना कोट घालून गोठ्यातच बसू लागली. एवढा कळप तिनं एकटीनं उभा केला होता आणि तो तिच्या डोळ्यांदेखत संपत होता.

दुःखी माणसाला कोणीतरी दोषी लागतं. तिनं साप साप म्हणून भुई धोपटायला घेतली. एक दिवस ती तरातरा किम्ब्रलच्या दाराशी गेली. हिल्मर मागोमाग धावला. दार उघडलं ते त्या तरुण बाईनं, कडेवर बाळ.

"काय घातलंस माझ्या कुत्रीला?"

"मी? मी कशाला काही घालू?"

"आधी बंदुकीचा त्रास, मग हिच्या भुंकण्याचाही झाला असेल. आता झालं ना गपगार? झोपतंय ना तुझं लेकरू?"

"अहो, ती रोज कुंपणाशी यायची. बाळ तिच्याशी बोलायचं," ती बाई रडू लागली. "मी तिला बिस्किटं द्यायचे हो. विष कशाला देईन?"

"बिस्किटं? कसली बिस्किटं? सांगते मी शेरीफला!"

"लिओना," हिल्मर म्हणाला, "थांब. मी मारली तिला."

लिओना वळलीसुद्धा नाही. "तू मध्ये पडू नकोस. हिला वाचवायला खोटं कशाला बोलतोस?"

"खोटं नाही. केस कातरलेले होते, धुकं होतं. मला कायोटी वाटली."

"मी घरातच होते त्या सकाळी. बंदूक वाजली असती तर ऐकली नसती का मी?"

हिल्मरनं खिशातून मला काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तिचा तळहात खरबरीत होता आणि गार पडला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती डबी तिनं स्वतः हातात घेऊन पाहिली होती.

"कुठे आहे ती?"

"घळीत. दगडांखाली."

"आणि तू माझ्याबरोबर तिला हाका मारत फिरलास."

हिल्मरनं मान डोलावली.

"मोठमोठ्यानं मारत होतास, हिल्मर. माझ्याहून मोठ्यानं."

ती किम्ब्रलबाईला "चुकले मी, बाई" म्हणाली, मला हिल्मरच्या हातात परत दिलं आणि चालू लागली. उरलेल्या शेळ्या तिनं विकून टाकल्या आणि ती बहिणीकडे राहायला गेली. जाताना तिनं त्याचा निरोप घेतला नाही. हिल्मर अजून मला खिशात बाळगतो. मला फेकून देण्याचं धाडस त्याला होत नाही.

मित्रांनो, जनावरांना सांभाळा आणि त्यांना सांभाळणाऱ्यांनाही सांभाळा. शस्त्र उचलायची वेळ आलीच, तर आधी शेजाऱ्याला हाक मारा. एखाद्याची झोप मोडली तर मोडू दे. आणि इतकं करूनही हातून चूक झाली, तर ती त्याच सकाळी जाऊन सांगा. शिव्या बसतील, त्या खा. लिओनानं हिल्मरला फ्रिडाचा जीव कदाचित माफ केला असता. त्या हाका ती कधीच माफ करणार नाही.