न घेतलेले सव्वाशे दिवस

मित्रांनो, मी एक जुने सेवापुस्तक आहे. सरकारी नोकर कामावर कधी लागला, त्याने किती रजा घेतल्या, हे सारे माझ्यात लिहितात. माझ्यात चित्रे नाहीत, म्हणून मला कमी लेखू नका.

मी ज्यांचे आहे, त्या बाई शहराचे पिण्याचे पाणी तपासत. नवे काही शिकता यावे म्हणून त्यांना वर्षाला पाच दिवस शैक्षणिक रजा होती. दरवर्षी त्या अर्ज करत आणि दरवर्षी त्यांचे साहेब म्हणत, "सध्या साथ आहे. पुढच्या वर्षी बघू." मग माझ्या पानावर शेरा पडे, 'कामाच्या निकडीमुळे नामंजूर.' असे पंचवीस शेरे मी अंगावर वागवले.

मध्यंतरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा बाईंनी बिनपगारी रजा काढली. त्यामुळे निवृत्तीच्या तोंडावर त्यांची सेवा शंभर दिवसांनी कमी भरली. पूर्ण निवृत्तिवेतन हातचे जाणार होते. नियम मात्र स्पष्ट होता: अर्ज करूनही कामामुळे नाकारलेली शैक्षणिक रजा सेवेत धरावी.

हेडक्लार्कने माझी दोन पाने चाळली आणि मला मिटले.

"तुम्ही शिकायला गेलाच नाहीत, मग सवलत कसली? कमी निवृत्तिवेतन मान्य आहे, म्हणून इथे सही करा."

"गेले नाही की जाऊ दिलं नाही, ते त्यात लिहिलंय. वाचा."

"एवढं वाचायला वेळ कुणाला आहे?"

"मला आहे. तुमचं वाचून होईपर्यंत सही करणार नाही," असे म्हणून बाई खुर्ची ओढून बसल्या.

तीन दिवस त्या जेवणाच्या सुट्टीत येऊन तशाच बसत. चौथ्या दिवशी मुख्य अधिकारी चौकशीला आले. बाईंनी मला उघडले आणि पहिला शेरा मोठ्याने वाचला. मग दुसरा. बाराव्याला अधिकारी म्हणाले, "कळलं. सव्वाशे दिवस जोडा." तरी बाई थांबल्या नाहीत. पंचविसावा वाचूनच त्यांनी मान वर केली.

"एकशेवीसच जोडा. यंदाचे पाच मला हवेत. सोमवारपासून प्रशिक्षण आहे."

"महिन्याभरात निवृत्त होताय. आता काय शिकणार?" हेडक्लार्क पुटपुटला.

"तेच बघायला जाते."

त्यालाच माझ्यावर 'मंजूर' लिहावे लागले. अक्षर वाकडे आले, पण वाचता येते.

मित्रांनो, आम्हाला कपाटात कुजू देऊ नका. तुमच्याबद्दल कुठे काय लिहून ठेवले आहे, ते स्वतः वाचा. आणि कुणी कितीही घाई केली, तरी वाचल्याशिवाय सही करू नका.