उजवा कौल

दुसरा मॉनिटर जोडला तेव्हा कुमुदिनीबाईंचं स्वयंपाकघर उजवीकडे चाळीस फूट लांबलं. फरशी तीच, उजेडही तोच. मधे मात्र मॉनिटरच्या कडांसारखी दोन बोटं रुंद काळी रेघ उभी राहिली.

जोडल्या जोडल्या पडद्यावर, कुठला मॉनिटर कुठल्या बाजूला हे मांडायला, एक आणि दोन असे चौकोन आले होते. दोन नंबर उजवीकडे ओढ, असं लेक अनघा फोनवर म्हणाली. बाईंनी तो डावीकडे ओढला. रोज देवापुढे बसणाऱ्या त्या. समोर तोंड करून बसलेल्याची उजवी ती आपली डावी, हे हातालाच ठाऊक.

त्र्यंबकराव इन्शुलिन टोचून जेवायला उठले. चालता चालता डावीकडे देव्हाऱ्यालगतच्या भिंतीत शिरले आणि निघाले ते घराच्या पार उजव्या टोकाला. माउसचा बाणही त्यांच्यासोबत गेला. पेनासारखा तो सदऱ्याच्या खिशाला अडकला होता.

"भलतीकडे आलो की," म्हणत ते ताटाच्या दिशेने चालत आले आणि रेघेशी थांबले. पाऊल उचलत, ते जागच्या जागीच पडे. बाईंनी आमटीची वाटी पुढे केली, तीही रेघेला टेकून राहिली. इंजेक्शनला वीस मिनिटं झाली होती. त्यांच्या कपाळावर घाम आला, साखर उतरू लागली.

अनघाला फोन केला तर ती म्हणाली, चौकोन सरकव, झालं. पण सरकवायचा कशाने? बाण खिशात, आणि खिसा पलीकडे.

बाईंनी देवाकडे पाहिलं. मग त्यांच्या ध्यानात आलं: ज्या भिंतीतून निघाले, तिथूनच परतायचं.

"अहो, माझ्याकडे पाठ करा आणि चालू लागा."

"ताट इकडे आहे गं."

"मागे बघू नका."

"चाळीस वर्षं तुझंच ऐकतोय," म्हणून ते वळले. लहान लहान होत गेले आणि टोकाच्या भिंतीत दिसेनासे झाले. बाईंच्या बोटांतून माळेचे सात मणी सरकले. आठव्याला देव्हाऱ्यामागून आधी गुडघा आला, मग त्र्यंबकराव.

बाईंनी आधी गुळाचा खडा त्यांच्या तोंडात घातला. दुसऱ्या घासाला घाम सुकला. बाईंनी इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला, तशी समईची ज्योत वाकली.

"आले," त्यांनी फोनवर सांगितलं.

"मग आता तरी चौकोन उजवीकडे घे, आई."

घ्यायचा की असू द्यायचा, हे ठरवणाऱ्या आपण कोण? त्यांनी नेहमीसारखं जास्वंदीचं फूल देवाच्या माथ्यावर ठेवलं आणि कौल मागितला: उजवा पडला तर घ्यायचा, डावा पडला तर असू द्यायचा. त्र्यंबकराव ताक मागत होते. फूल देवाच्या उजवीकडून, म्हणजे बाईंच्या डावीकडून सुटलं, पण पाटावर पडलं नाही. चाळीस फुटांवर, रेघेपलीकडे, फरशीवर लाल ठिपका उमटला, आणि खिशातला बाण त्या बाजूला वळला.