अण्णांचा पूर्वपक्ष

दुर्गाघाटच्या वासुदेवशास्त्र्यांना वादात कोणी हरवलेलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतःच अधूनमधून बोलून दाखवत, न जाणो कोणी विसरलं तर! त्यांची लेक नीरजा हसायची खरी, पण मनातून तिलाही त्याचा केवढा तोरा होता. महिला महाविद्यालयात ती तत्त्वज्ञान शिकवायची आणि झोपेचा विषय निघाला की फळ्याकडे पाठ करून मुलींना वडिलांचा, म्हणजे अण्णांचाच युक्तिवाद ऐकवायची.

युक्तिवाद असा. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, ‘छान झोप लागली, काही म्हणजे काही कळलं नाही.’ आता काही कळलं नाही, हे तरी कोणाला कळलं? आत कोणीतरी जागं होतं, म्हणून तर आठवण राहिली. मन झोपतं, स्वप्नंही विझतात, जाणीव, म्हणजे आतला साक्षी, मात्र जात नाही.

रामघाटचे दिनानाथपंत न्यायशास्त्राचे. त्यांना हे साफ नामंजूर. ते म्हणत, आठवण कसली घेऊन बसलात? अंग हलकं वाटतं, ऊन वर आलेलं दिसतं, त्यावरून माणूस अंदाज बांधतो की आपण झोपलो होतो. दर श्रावणात ब्रह्माघाटाजवळच्या मठात पंडितांची सभा भरायची, दोघे भांडभांड भांडायचे आणि मानाची शाल दुर्गाघाटच्या घरी यायची. दिनानाथपंत बिचारे नुसती छत्री घेऊन परत जायचे.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात अण्णांच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन करावं लागलं. शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं, “सुरू कधी करणार?”

“अण्णा, झालं पण. दुपार झाली,” नीरजा म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती घाबरलीच. दुखतंय का, असं तिने विचारलं, तर नाही म्हणून मान हलवली. बऱ्याच वेळाने, आई पाणी आणायला गेल्यावर, ते हळूच म्हणाले, “नीरू, मध्ये काही नव्हतं गं. झोपेतून उठलो की वाटतं, झोपलो होतो. इथे तेही नाही. डॉक्टर सुई देत होते आणि तू समोर उभी होतीस. मग आतला तो जागा राहणारा कुठे गेला होता?”

“औषधाचा असर असेल, अण्णा.”

“औषधाने विझतो तो साक्षी कसला?”

आईने, म्हणजे पद्माबाईंनी, हे दारातून ऐकलं. त्या व्यवहाराच्या. म्हणाल्या, “हे घरातच ठेवा. सभेत बोलून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ नका. कोणाला कळणार आहे?”

कोणालाच कळणार नव्हतं, तीच तर पंचाईत. अण्णांनी उन्हाळाभर याबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही. नीरजाला धाकधूक लागून राहिली. अण्णा सभेत जुनंच बोलले तर जिंकतील, शालही आणतील. पण त्यानंतर वर्गात ‘आमचे अण्णा म्हणतात’ हे आपल्याच्याने कसं म्हणवेल?

श्रावणातली सभा भरली. नीरजा बायकांच्या ओसरीत अगदी पुढे जाऊन बसली. पंडितांची एक रीत असते. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचं म्हणणं. तेही इतक्या जोरात की विरोधकानेच मान डोलवावी. मग ते खोडून आपला सिद्धान्त सांगायचा. अण्णा उठले आणि त्यांनी पूर्वपक्ष लावला. ऑपरेशन, सुई, मधली ती कोरी फट, सगळं स्वच्छ संस्कृतात. आठवण राहिली नाही, झोपल्याची जाणीवसुद्धा राहिली नाही. दुपार झाली हे लेकीने सांगितलं म्हणून कळलं. मग साक्षी होता हे कशावरून?

सभा खूश! “वाह शास्त्रीजी!” “साधु, साधु!” काय अफलातून पूर्वपक्ष रचलाय, दिनानाथपंतांनासुद्धा आजवर असा साधला नव्हता! आता शास्त्रीबुवा याच्या चिंध्या कशा करतात ते पाहायला सगळे सरसावून बसले.

अण्णांनी अध्यक्षांपुढच्या शालीकडे पाहिलं. त्यांना आता करायचं काय होतं? तोंडपाठ असलेला सिद्धान्त तेवढा म्हणून टाकायचा. सभेने तर हे कौशल्यच समजलं होतं. पळवाट आपल्या पायांनी दारात चालत आली होती.

“हा पूर्वपक्ष नाही,” अण्णा म्हणाले. “माझ्याकडे याला उत्तर नाही.”

सभा हसली. हाही डावच वाटला लोकांना. अण्णांनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी अगदी सावकाश, आणि हसू विरत गेलं.

दिनानाथपंत उभे राहिले. वर्षानुवर्षं याच घटकेची वाट पाहिलेला माणूस, पण त्यांचा आवाज चाचरत होता. “वासुदेवराव, एवढंच सांगा. मध्ये काही नव्हतं, हे तुम्हाला आठवतं?”

“नाही. मागाहून अनुमान केलं.”

“मी झोपेबद्दल हेच म्हणत आलो.”

“झोपेबद्दल मी अजून भांडेन,” अण्णा म्हणाले, “पण आजवर ज्या आधारावर मी उभा होतो तो राहिला नाही. आजचा वाद तुमचा.” अध्यक्षांपुढची शाल त्यांनी स्वतः उचलली आणि पंतांच्या खांद्यावर घातली. पंतांनी त्यांचा हात घट्ट धरला, तो लवकर सोडलाच नाही.

नीरजाचे डोळे भरून आले. जिंकलेले अण्णा तिने लहानपणापासून पाहिले होते. इतके उंच ते तिला कधी दिसले नव्हते. जे कोणीही पाहिलं नाही, जे बोललं नसतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं, ते भर सभेत सांगणारा हा माणूस आपला बाप आहे, या विचाराने तिची छाती फुलून आली. आपण उभ्या आहोत हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

शेजारी मिर्झापूरकडची कोणी पाहुणी बसली होती. संस्कृत तिला कळलं नव्हतं, पण शाल कोणाला गेली ते दिसलं होतं. तिने नीरजाचा पदर ओढून विचारलं, “बहिनजी, वो जो हार गए, वो कौन हैं?”

“मेरे पिताजी हैं,” नीरजा म्हणाली, इतक्या मोठ्याने की पुढच्या रांगेतले पंडित वळून बघू लागले.